चुलीवरचे धुराडे : बसवावे कसे, राखावे कसे

'चिमणी' हा शब्द आपल्या मराठीत मोठा गमतीचा आहे. अंगणात दाणे टिपते ती चिमणी. रॉकेल घालून लावतात तो लहानसा दिवा, तीही चिमणी. साखर कारखान्याच्या आवारात आभाळात धूर सोडीत उभी असते, तीही चिमणीच. आणि अलीकडे तालुक्याच्या बाजारात दुकानदार म्हणतो, "वहिनी, चिमणी घ्या, धूर-वास सगळा ओढून घेते," तेव्हा तो बोलत असतो गॅसच्या शेगडीवर भिंतीला टांगायच्या विजेच्या यंत्राबद्दल. आज मला बोलायचे आहे ते या यंत्राबद्दल, आणि त्याच्याही आधी त्याच्या थोरल्या भावंडाबद्दल, म्हणजे चुलीवरच्या धुराड्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, आता घरोघर गॅस आला, चुलीचे काय घेऊन बसलात? गॅस आला हे खरे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत सिलिंडर पोचला. पण खेड्यातले घर ज्यांनी आतून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की गॅस आला म्हणून चूल काही गेली नाही. चहा गॅसवर होतो, पण भाकरी चुलीवर. आंघोळीचे पाणी चुलीवर. लग्नकार्याचा, जत्रेचा स्वयंपाक चुलीवर. सिलिंडर संपला आणि हातात पैसा नसला, की सगळेच चुलीवर. तेव्हा एकाच घरात शेगडीही आहे आणि चूलही आहे, हे धरूनच बोलले पाहिजे.

आणि सांगायची मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. धुराडे बसवणे हे एका दिवसाचे काम आहे. ते राखणे हे बारा महिन्यांचे काम आहे. न राखलेले धुराडे हे धुराडे नसल्यापेक्षाही वाईट. कारण धुराडे नसले तर माणूस खिडकी उघडतो, चूल पडवीत नेतो, काहीतरी करतो. धुराडे आहे म्हटले की तो निर्धास्त बसतो आणि धूर मात्र घरातच फिरत राहतो.

आधी धुराविषयी दोन शब्द. चुलीचा धूर म्हणजे नुसते डोळ्यांतले पाणी नव्हे. त्यात काजळीचे इतके बारीक कण असतात की ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवतो. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा दम्यासारखा जुनाट श्वासविकार, हृदयविकार, अर्धांगाचा झटका, फुप्फुसाचा कर्करोग, डोळ्यांतला मोतीबिंदू या सर्वांशी घरातल्या धुराचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, आणि त्यांतली २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांच्या आतली बालके होती. ही बालके कुठे असतात? चुलीपुढे बसलेल्या आईच्या मांडीवर.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका यावर म्हणतात, "अरे बाबा, धुरानं वासे टिकतात, वाळवी लागत नाही, डास येत नाहीत. आम्ही नाही का धुरात जन्म काढला?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. धुराने छपराचे लाकूड आणि गवत जास्त टिकते, टांगलेल्या कणसांना कीड कमी लागते. पण वाळवीला औषध आहे, डासांना मच्छरदाणी आहे. वाशांचे आयुष्य वाढवायचे म्हणून लेकरांच्या छातीचे आयुष्य कमी करायचे, हा सौदा कुणी करील का?

मग धूर बाहेर घालवायचा कसा? त्याची रीत समजून घेऊ. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. धूर म्हणजे तापलेली हवाच, म्हणून तोही वर जातो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात. एक, चुलीच्या वरच त्याला अडवून गोळा करणारे छत्र. दोन, त्या छत्रातून निघणारे उभे, मोकळे नळकांडे. तीन, छपराच्या वर, वाऱ्यात उघडणारे त्याचे तोंड. नळकांडे जितके उभे आणि जितके उंच, तितकी त्याची ओढ चांगली.

पण चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढीच हवा आत आली पाहिजे. देवळात जत्रेची गर्दी असते तेव्हा एका दाराने माणसे आत घेतली तरच दुसऱ्या दाराने रांग पुढे सरकते. हवेचेही तसेच. दार-खिडकी घट्ट लावून चूल पेटवली तर धुराडे ओढणार काय? उलट वाऱ्याचा एखादा झोत नळकांड्यातूनच खाली येतो आणि धूर तोंडावर फेकतो. म्हणून स्वयंपाकघरात खालच्या अंगाला हवा आत येण्याची वाट आणि वरच्या अंगाला धूर बाहेर जाण्याची वाट, अशा दोन्ही वाटा हव्यात.

या कामाचा आपल्याकडे जुना इतिहास आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते. तिथल्या कार्यकर्त्यांनी बिनधुराच्या चुलीवर काम केले आणि 'मगन चूल' हे नाव गावोगाव पोचले. १९५३ साली हैद्राबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. दोन-तीन भांड्यांची मातीची बंद चूल आणि तिच्या शेवटाला धुराचे नळकांडे, अशी ती रचना होती. पुढे १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ साली तो बंद झाला. त्या काळात कोट्यवधी चुली बसल्या. त्यांतल्या किती राहिल्या, हे तुमच्या गावातल्या घरांत डोकावलात तर तुम्हालाच दिसेल. बऱ्याच ठिकाणी नळकांडे तेवढे भिंतीला टेकून उभे असते आणि चूल पुन्हा तीन दगडांची झालेली असते.

असे का होते? याचे उत्तर ओडिशात मिळाले. तिथल्या ४४ गावांत सुमारे २,६०० कुटुंबांचा अभ्यास झाला. धुराडे असलेल्या चुली कुटुंबांना पाळीपाळीने बांधून दिल्या आणि तीन अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षांपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. त्या तिघांपैकी एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पण त्यानंतर फरक उरला नाही. चुलीचा नमुना खोटा नव्हता. चुली फुटल्या, त्या लिंपल्या गेल्या नाहीत. नळकांडी तुंबली, ती झाडली गेली नाहीत. आणि हळूहळू लोकांनी ती चूल वापरणेच कमी केले. बसवायला माणूस आला होता, राखायला कुणी नव्हते. मघाशी मी जे म्हटले त्याचा हा पुरावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आधी चुलीचे धुराडे.

चूल खोलीच्या मध्यावर नको, भिंतीला किंवा कोपऱ्याला लागून असावी. कोपऱ्यात दोन बाजू आपोआप बंद होतात, तिसऱ्या बाजूला विटामातीची आडभिंत घातली की धूर चौफेर पसरत नाही, पुढच्या एका बाजूनेच काय तो निसटू शकतो. त्याच्यावर पत्र्याचे छत्र धरायचे. छत्र चुलीपेक्षा आणि वैलापेक्षा सर्व उघड्या बाजूंनी अर्धा फूट तरी बाहेर आलेले हवे. त्याच्या बाजू उतरत्या हव्यात, म्हणजे धूर कुठे न अडता नळकांड्याकडे सरकेल. छत्राची खालची कड जितकी खाली तितका धूर जास्त पकडला जातो. पण स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कपाळाला ती लागता कामा नये, आणि भाकरीचा तवा व पाण्याचा हंडा चढवता-उतरवता आला पाहिजे. म्हणून माप घेताना कारागिराने टेप धरून भागत नाही. घरातल्या बाईला चुलीपुढे बसवा, तिला हात हलवू द्या आणि मग खूण करा. पत्र्याची कड आत दुमडून घ्या, नाहीतर हात कापतो.

छत्र उघडे असले की धुराबरोबर खोलीतली हवाही आत जाते, म्हणून नळकांडे चांगले रुंद लागते. चार इंचांचे नळकांडे बंद चुलीला पुरते, उघड्या छत्राला पुरत नाही. त्याला आठ-दहा इंच रुंदी हवी. वळणे शक्यतो नकोतच. घ्यावेच लागले तर एकदम काटकोनात न घेता तिरपे घ्या. प्लास्टिकचे पाणीनळ चुलीला कधीही लावू नका. ते वितळतात, पेटतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. जुने सिमेंटपत्र्याचे नळ कुठे पडलेले असतील तर ते कापू-घासू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

छपरातून नळकांडे बाहेर काढायची जागा, ही सगळ्यात जोखमीची. नळकांडे तापते. त्याला खेटून लाकडी वासा असेल, गवत असेल, उसाचे पाचट असेल, तर ते दिवसेंदिवस वाळत जाते आणि एक दिवस पेट घेते. म्हणून साध्या पत्र्याच्या नळकांड्यापासून लाकूड, गवत, कापड यांना दीड फूट तरी दूर ठेवा. गवती छपराच्या घरात तर नळकांडे छपरातून नेऊच नये. मातीच्या किंवा विटांच्या भिंतीतून बाहेर काढावे आणि बाहेर, छपराच्या कडेपासून तेवढेच अंतर राखून, उभे वर न्यावे. कौलारू घरात नळकांड्याभोवती पत्र्याचा घेर बसवून वरच्या कौलाखाली सरकवावा, म्हणजे कोकणासारख्या मुसळधार पावसातही पाणी आत उतरत नाही.

नळकांडे छपरावर किती वर जावे? जिथे ते छपरातून बाहेर पडते तिथून ३ फूट तरी वर, आणि १० फुटांच्या आत छपराचा जो उंच भाग असेल त्याच्यापेक्षा २ फूट तरी वर. आढ्यापेक्षा बुटके धुराडे हे नेहमी रडत असते, कारण आढ्यावरून वाहणारा वारा खाली वळतो आणि धूर मागे ढकलतो. तोंडावर पावसासाठी पत्र्याची टोपी हवी, पण टोपी आणि तोंड यांत मोकळी जागा भरपूर ठेवा. पाखरे शिरू नयेत म्हणून जाळी लावायची तर मोठ्या घरांची लावा. बारीक जाळी काजळीने थोड्याच दिवसांत बुजते आणि मग सगळी मेहनत फुकट.

काम झाले, आता पारख करा. त्याला यंत्र नको, एक उदबत्ती पुरे. चूल पेटवा, पाच-दहा मिनिटे जाऊ द्या आणि जळती उदबत्ती छत्राच्या कडेजवळ चारी बाजूंनी फिरवा. उदबत्तीचा धूर छत्रात ओढला गेला तर धुराडे चालते आहे. तो सरळ वर गेला किंवा खोलीत वळला, तर कुठेतरी चुकले आहे. खिडकी उघडून पुन्हा पाहा. खिडकी उघडल्यावर ओढ आली तर दोष हवेच्या वाटेचा. तरीही आली नाही तर नळकांडे तुंबले आहे, बुटके आहे किंवा अरुंद आहे.

आता राखण. निम्मी राखण सरपणात आहे. ओले लाकूड धुमसते, जास्त धूर करते, आणि त्या धुरातला चिकट अंश नळकांड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा बसतो. ही नुसती काजळी नव्हे, ती पेटते. म्हणून पावसाळ्याआधी सरपण फोडून, रचून, छपराखाली ठेवा. तुरीच्या तुऱ्हाट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या, जे जाळाल ते खडखडीत वाळलेले असू द्या. प्लास्टिक, रबर, रंगीत लाकूड चुलीत घालू नका.

उरलेली निम्मी राखण झाडूची. रोजची चूल असेल तर महिन्यातून एकदा नळकांडे झाडावे. महिना लक्षात राहत नसेल तर अमावास्या धरा. त्या दिवशी बैलांना विसावा आणि धुराड्याला झाडू. चूल पूर्ण थंड हवी. लांब बांबूच्या टोकाला काथ्याचा किंवा गोणपाटाचा बोळा घट्ट बांधा, नाकातोंडावर फडके बांधा, मुलांना बाहेर पाठवा आणि बोळा नळकांड्यात खालवर फिरवा. तळाशी एक निघणारे झाकण आधीच ठेवलेले असेल तर काजळी तिथून काढता येते आणि छपरावर चढावे लागत नाही. सिमेंटच्या पत्र्यावर तर चढूच नका. तो पायाखाली फुटतो. महिन्याच्या या झाडणीबरोबर छत्राचे सांधे पाहा, चुलीच्या भेगा लिंपा. पावसाळ्यानंतर आणि धुराडे बरेच दिवस बंद असेल तर पहिल्या जाळाआधी वरचे तोंड पाहायलाच हवे. चिमणीत चिमण्यांनी घरटे केलेले असते, कधी गांधीलमाशा असतात. वाट बंद असली की सगळा धूर घरात.

एवढे करूनही कधी नळकांड्यात आग लागली तर? रेल्वेगाडीसारखा घरघराट ऐकू येतो, नळकांडे लाल होऊ लागते, वरून ठिणग्या उडतात. अशा वेळी नळकांड्यात पाणी ओतू नका; तापलेला पत्रा फुटतो आणि वाफेने माणूस भाजतो. चुलीतली लाकडे राखेने किंवा वाळूने विझवा, चुलीचे तोंड झाका, घरातली माणसे बाहेर काढा, ११२ या क्रमांकावर मदत मागा आणि शेजाऱ्यांना छपरावर लक्ष ठेवायला सांगा.

हे झाले चुलीचे. आता विजेच्या चिमणीकडे येऊ. तिचे शास्त्र तेच आहे: छत्र, नळकांडे, तोंड. फरक एवढाच, की इथे ओढ पंखा देतो, आणि काजळीऐवजी फोडणीच्या तेलाची वाफ सांभाळावी लागते.

दुकानात तिच्या ओढीचा मोठा आकडा सांगतात. पण सहा इंचांचे तोंड असलेल्या चिमणीला चार इंचांचा नळ जोडला किंवा चार-पाच वळणे दिली, तर तो आकडा कागदावरच राहतो; पंखा नुसता आवाज करतो. म्हणून नळ तोंडाएवढाच रुंद, धातूचा, आखूड आणि सरळ असावा. सुरकुत्यांचा नळ असेल तर तो ताणून बसवावा. सुरकुतीत तेल साचते. आणि तो घराबाहेरच उघडला पाहिजे. एका घरी मी पाहिले, बसवणाऱ्याने भिंत फोडायचा त्रास वाचवला आणि नळ पोटमाळ्यात सोडून दिला. दिवाळीला माळ्यावरच्या गोधड्या काढल्या तर त्या तेलाने चिकट झालेल्या. खाली ठिणगी पडायची काय ती बाकी होती. तुमच्या घरी काम चालू असेल तेव्हा बाहेर जाऊन पाहा, नळाचे तोंड दिसते की नाही. त्यावर पाऊस आणि पाखरे आत येऊ न देणारी झडप आहे का, हेही पाहा.

शेगडीपासून चिमणी साधारणपणे ६५ ते ७५ सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे सव्वादोन ते अडीच फूट. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असेल तर ते खरे धरावे. त्याहून खाली आली तर जाळ जाळीला लागतो, फार वर गेली तर वाफ बाजूने निसटते. यंत्र चांगले जड असते. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत खिळे धरतात. मातीच्या भिंतीत धरत नाहीत, तिथे आरपार पट्टी किंवा लोखंडी चौकट लागते. भोक पाडण्याआधी भिंतीत विजेची तार किंवा पाण्याचा नळ नाही ना, हे विचारून घ्या. प्लग तीन पिनांचा हवा आणि तिसऱ्या पिनेला खरोखरचे अर्थिंग हवे. चिमणीचे अंग धातूचे, हात ओले आणि अर्थिंग नाही, म्हणजे संकटाला आमंत्रण. मुख्य फळीवर गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवलेला असेल तर उत्तम.

बिननळाच्याही चिमण्या मिळतात. त्या हवा कोळशाच्या चाळणीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतात. वास थोडा कमी होतो, पण वाफ, उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीतच राहतात, आणि ती चाळणी ठरावीक मुदतीने बदलावी लागते. भिंत फोडता येत असेल तर नळाचीच चिमणी घ्यावी.

वापरताना शेगडी पेटवण्याआधी दोन मिनिटे पंखा लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटे चालू ठेवा. भांडे नसताना मोठा जाळ ठेवू नका. तळण चालू असताना तिथून हलू नका. कढईतल्या तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद, चिमणीचा पंखाही बंद, आणि कढईवर घट्ट झाकण. पंखा चालू राहिला तर तो ज्वाळा वर नळात ओढतो. आणि पेटलेल्या तेलावर पाणी कधीही नाही. तेल उसळून घरभर आग होते.

चिमणीची जाळी रोज फोडणी-तळण होणाऱ्या घरात दोन ते चार आठवड्यांनी धुवावी. आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग जाळी. स्टीलची जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजत ठेवली की तेल सुटते. ॲल्युमिनियमची जाळी सोड्याने काळी पडते. तिला भांड्यांचा साबण बरा. जाळी पूर्ण वाळवूनच परत बसवा, आणि जाळीविना पंखा चालवू नका. 'आपोआप साफ होणारी' म्हणून जी विकतात तिच्यातही तेलाची वाटी असते. ती ओतावी लागतेच. मोटारीवर पाणी मारू नका. पंखा आणि नळ वर्षातून एकदा माहितगार माणसाकडून साफ करून घ्या. चिमणीच्या कडेवरून तेलाचा थेंब शेगडीवर पडू लागला, म्हणजे धुण्याची वेळ निघून गेली असे समजा.

आता दोन धोके, जे मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण ते लक्षात राहावेत.

पहिला धोका गळक्या गॅसचा. घरात गॅसचा वास आला की पुष्कळ जण घाईने चिमणीचे बटण दाबतात. वास ओढून जाईल असे त्यांना वाटते. असे कधीही करू नका. बटणात उडणारी बारीकशी ठिणगी पुरेशी असते. शिवाय आपल्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, वर टांगलेली चिमणी त्याला काय ओढणार? अशा वेळी कोणतेही बटण चालू करू नका, बंदही करू नका. काडी पेटवू नका, देवापुढचा दिवा लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर फोन करा.

दुसरा धोका उलट्या ओढीचा. चिमणीचा पंखा जोरदार असतो. दारे-खिडक्या बंद असतील तर त्याला लागणारी हवा तो मिळेल तिथून ओढतो, प्रसंगी शेजारच्या चुलीच्या धुराड्यातून किंवा गॅसच्या गिझरच्या नळातून. म्हणजे जो विषारी वायू बाहेर जायचा तो घरात येतो. म्हणून चूल किंवा कोळशाची सगडी पेटलेली असताना त्याच बंद खोलीत विजेची चिमणी लावू नये. लावायची तर खिडकी उघडी हवी. चिमणीचा नळ गिझरच्या किंवा चुलीच्या नळकांड्याला कधीही जोडू नये. प्रत्येकाची वाट वेगळी. थंडीच्या रात्री सगडी आत घेऊन दारे लावून झोपू नये, मग घरात कसलीही चिमणी असो. डोके दुखू लागले, मळमळले, एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना गरगरले, तर ते पित्त समजू नका. आधी सगळ्यांनी उघड्या हवेत यावे, मग डॉक्टरकडे जावे.

शिक्षकबंधू आणि भगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेतही स्वयंपाकघर आहे. मुलांचा पोषण आहार शिजतो तिथली बाई सकाळभर त्या धुरात उभी असते, आणि शेजारच्या वर्गात पाढे म्हणणारी मुले तोच धूर गिळत असतात. उदबत्तीची पारख तिथे एकदा मुलांसमोर करून पाहा. 'तापलेली हवा वर जाते' हा विज्ञानाचा धडा फळ्यापेक्षा तिथे लवकर समजेल. मग मुलांना सांगा, हेच आपापल्या घरी करा आणि काय दिसले ते उद्या सांगा. कुणाच्या घरी उदबत्तीचा धूर छत्राकडे वळला, कुणाच्या घरी खोलीत फिरला, त्याची यादी वर्गाच्या भिंतीवर लावा. पण झाडण्याचे काम मुलांकडून करवू नका. ते मोठ्या माणसांचे आहे. आणि घरातल्या पुरुषांनाही हे ऐकू द्या. धूर बाईच्या नाकात जातो, पण छपरावरची टोपी सरळ करणे, बांबूला बोळा बांधणे, सरपण वेळेवर फोडून ठेवणे ही कामे घरधन्याने अंगावर घेतली नाहीत, तर ओडिशात झाले तेच आपल्याकडेही होईल.

तेव्हा श्रोतेहो, आज संध्याकाळी चूल पेटली की पाच मिनिटे तिच्याजवळ जाऊन बसा. स्वयंपाक करणारी जिथे बसते त्याच जागी, तेवढ्याच उंचीवर बसा. डोळे चुरचुरले तर समजा, की धुराडे तुम्हाला काहीतरी सांगते आहे. बोळा बांधायला बांबू आणि गोणपाट घरात असतेच. येत्या अमावास्येची वाट पाहायची की उद्याच हाती घ्यायचे, तेवढे ठरवा.